‘नाही’ शेवटी येतं

मी पोटासाठी काय करतो, हे आत्याला समजावून सांगण्याचा प्रयत्न मी एकदा केला होता. म्हटलं, फोनच्या अगदी गाभ्यात एक प्रोग्रॅम असतो, त्याला कर्नल म्हणतात. जगभरातली माणसं त्यात भर घालत असतात, आणि त्यांनी लिहिलेलं मी ओळ न् ओळ वाचून कुठं चुकलंय ते सांगतो. ती तांदूळ निवडत होती. तिला दिसत नाही, पण बोटांना खडा बरोबर लागतो. हातातला खडा बाजूला टाकत ती म्हणाली, "म्हंजे सासूपन. बसल्या जागी दुसऱ्याच्या कामाला नावां ठेवायची, आन वर त्याचा पगार घ्यायचा. बरं हाय रे तुजं."

माझ्या कामाची याहून नेमकी व्याख्या मला आजवर कुणी करून दिलेली नाही. शहापुरातल्या माझ्या घरी, खिडकीशी टेबल लावून, मी हे सासूपण मनापासून करतो. आमच्या धंद्यात ‘छान दिसतंय’ असे दोन शब्द लिहून पळणारे पुष्कळ असतात. मला ते जमत नाही. मी कुरकुर करतो, प्रश्न विचारतो, स्वल्पविरामासारख्या गोष्टींवर अडून बसतो. सगळं पटलं, की मगच त्या कामाखाली एक ओळ लिहितो: हे मी तपासलं आहे. पुढे माझं नाव. ती ओळ कायमची राहते, म्हणून ती लिहिताना हात जरा जड होतो.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. मुरबाड तालुक्यात, मुख्य रस्त्याच्या फाट्यापासून आत, एका पाड्यावर तिचं घर आहे. मुरबाडला कॉलेजात होतो तेव्हा मी तिच्याकडेच राहिलो, तिच्याच हातची भाकरी खाल्ली. तेव्हा तिला दिसत होतं. नंतर काचबिंदूनं नजर गेली, नवराही गेला, पण तिनं घर सोडलं नाही. चुलीपासून विहिरीपर्यंतची वाट तिच्या पायांना पाठ आहे. शेत वाट्याने दिलेलं आहे, शेजारची वहिनी दिवसातून दोनदा डोकावते, आणि उरलेल्या वेळेला फोन.

हा फोन म्हणजे तिचे डोळे. मेसेज आला की तो मोठ्याने वाचून दाखवतो, बातम्या वाचतो, गोष्टी वाचतो. वायर नसलेले इयरफोन तिला चालत नाहीत, ते हरवतात, त्यांना वेगळं चार्जिंग लागतं, आणि "कानात काय भुईमुगाचा दाना घालून बसू?" असं ती विचारते. म्हणून चार्जिंगच्याच भोकात लावायची वायर, एक बोंडूक कानात, एक खांद्यावर लोंबतंय, आणि फोन गळ्यातल्या कापडी पिशवीत. अशी ती दिवसभर फिरते.

अडचण एवढीच होती की पावसाळ्यात आमच्याकडे लाईट गेली की गेली. झाड पडतं, तार तुटते, मग वायरमन येईल तेव्हा खरं. आणि वायरमधून आवाज चालू असला की फोनचा मोठा प्रोसेसर झोपू शकत नाही. आवाजाचा प्रत्येक घास त्यालाच भरवावा लागतो. बॅटरी बघता बघता उतरते. फोन मेला की आत्या खऱ्या अर्थाने अंधारात. वहिनी सांगायची, अशा दिवशी ती ओटीवर नुसती बसून राहते, कुणाशी बोलत नाही.

त्याच सुमारास माझ्याकडे एक मोठं काम वाचायला आलं. लिहिणारा परदेशातला, मी त्याला कधी पाहिलेलं नाही, आवाजही ऐकलेला नाही. त्याने असा ड्रायव्हर, म्हणजे फोनचा एखादा भाग चालवणारा कर्नलमधला तुकडा, लिहिला होता की वायरीतल्या आवाजाचं सगळं ओझं फोनमधल्या एका धाकट्या प्रोसेसरवर सोपवायचं आणि मोठ्याला झोपू द्यायचं. जसं थोरली जाऊ जरा आडवी होते आणि धाकटी चूल सांभाळते, तसं. या कामाच्या त्याने आवृत्त्यांवर आवृत्त्या पाठवल्या होत्या. दर वेळी कुणीतरी खोट काढायचं आणि तो बिचारा दुरुस्त करून पुन्हा पाठवायचा. कधी चिडला नाही. मी त्याच्या जागी असतो तर कधीच लॅपटॉप भातसा धरणाच्या पाण्यात फेकला असता.

आमच्या कंपनीने चाचणीच्या काही फोनमध्ये तो ड्रायव्हर घातला होता. रोजच्या वापरात कसा चालतो ते पाहायचं होतं. साहेबांना विचारून मी त्यातला एक आत्याला दिला.

काय सांगू तो पावसाळा! पाड्यावरची लाईट जायची, यायची, पुन्हा जायची, आणि आत्याच्या कानात बातम्या चालूच. वहिनीला हवामानाचा अंदाज आता आत्याकडून कळू लागला. मी गेलो की ती ऐटीत विचारायची, "तुमच्या शहापुरात लाईट हाय ना रे? आमची नाय. पन आमाला काय फरक पडत नाय." त्या दूरच्या माणसाचे मी मनातल्या मनात किती वेळा आभार मानले असतील. त्याला बापड्याला ठाऊकही नव्हतं की त्याच्या कामामुळे मुरबाडच्या एका पाड्यावर एक बाई ऐट करते आहे.

माझं वाचनही होत आलं होतं. माझ्या सगळ्या शंकांना त्याने उत्तरं दिली होती. आता फक्त खाली ती ओळ लिहायची होती.

तेवढ्यात ऑक्टोबरच्या भर उन्हात आत्या फाट्यावर भोवळ येऊन पडली.

झालं होतं ते असं. तिचा मुलगा, माझा आतेभाऊ, वाशिंदला राहतो आणि कल्याणला कामाला जातो. तो येणार असला की आत्या काठी घेऊन फाट्यावर जाऊन बसते. आपल्या माणसाला फाट्यावर घ्यायला जायचं, ही तिची जुनी रीत. तो दहा वेळा म्हणाला असेल की नको येऊस, पण ती जातेच. त्या दिवशीही गेली. किन्हवलीकडून येणारी एसटी गेली, पुढची गेली, शीटा भरून डमडम रिक्षा गेल्या. ही तशीच उन्हात बसून. शेवटी रस्त्याकडेला गवत कापणाऱ्या बायकांनी तिला उचलून सावलीत आणलं आणि वहिनीला हाक मारली.

आणि मुलगा येणारच नव्हता. त्याने आदल्या संध्याकाळी मेसेज पाठवला होता: आई, मी उद्या येणार नाही.

डॉक्टरने सलाईन लावलं, आत्या दुसऱ्या दिवशी घरी आली. पण आतेभाऊ पार हादरला होता, आणि घाबरलेला माणूस रागावतो. ओटीवर आम्ही तिघं बसलो होतो.

"आई, मी साफ लिवलं होतं. येणार नाही."

"तू येणार असा लिवलास," आत्या म्हणाली. "फोननं मला तेच सांगलं. मी येणार. मी काय बहिरी नाय."

त्याने फोन काढून मला मेसेज दाखवला. ‘नाही’ ठळक दिसत होतं. त्याने माझ्याकडे पाहून हळूच कानाला बोट लावलं: आता कानही गेले. मग मोठ्याने म्हणाला, "भात झोडून झाला का तू वाशिंदला चल. आता मी काय आयकनार नाय. बिल्डिंगला लिफ्ट हाय, शेजार हाय. डोळं नाय, आता कान पन. हितं एकटी कशी ऱ्हाशील?"

त्याचं चुकत नव्हतं. माझी आई तशी पडली असती तर मीही हेच बोललो असतो. पण आत्याचा चेहरा मी पाहत होतो. वाशिंदच्या त्या वरच्या मजल्यावर ती एकदा राहून आली होती. तिथे तिला संडासापर्यंतही कुणीतरी धरून न्यावं लागलं होतं. इथे जी बाई विहिरीवरून पाणी आणते, ती तिथे आंधळी होते. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि त्यालाही माहीत असावं.

तो गेल्यावर ती मला म्हणाली, "डोळं गेलं तवा मी मानलं. मला दिसत नवतं, तं नाय दिसत म्हनलं. पन जे आयकलं ते नाय आयकलं असा कसा म्हनू? तू तरी मान."

मी ‘हो’ म्हटलं. खरं सांगायचं तर ते हो अर्धवटच होतं.

म्हणून मी दोन दिवस पाड्यावर राहिलो. लॅपटॉप घेऊनच गेलो होतो. आत्याचा फोन समोर खाटेवर ठेवला, वायर लावली, बोंडूक माझ्या कानात घातलं आणि माझ्या फोनवरून मेसेज पाठवत सुटलो. उद्या पाऊस पडणार नाही. वहिनी घरी नाही. दूध आलेलं नाही. प्रत्येक वेळी फोनमधली बाई ‘नाही’पर्यंत नीट, ठणठणीत वाचायची. मी आवाज कमी करून पाहिला, जास्त करून पाहिला, वायर हलवून पाहिली. एकदाही चुकली नाही.

माझा जीव खट्टू झाला. आत्याचं वय झालंय हे मान्य करायची वेळ आलीय असं वाटलं, आणि ते तिला सांगायचं कोण, हा पुढचा प्रश्न. मी फोन तिला परत दिला. तिने तो गळ्यातल्या पिशवीत घातला, बोंडूक कानात अडकवलं आणि आत गेली. मी अंगणात जाऊन उगाच पेंढ्याच्या उडवीभोवती फिरत राहिलो.

थोड्या वेळाने आतून भांड्यांचा आवाज आला. दुपारची वेळ; आत्या आता चहा टाकणार हे मला ठाऊक होतं. मला चहा नको होता, काही गिळावंसंच वाटत नव्हतं. हाक मारायचाही कंटाळा आला, म्हणून तिला मेसेज टाकला: मी चहा घेणार नाही.

आणि जरा वेळाने आत्या ओटीवर येऊन ओरडली, "ये रे! च्या झाला तुजा!"

मी जागच्या जागी उभा राहिलो. "मेसेज ऐकलास का माझा?"

"आयकला ना. मी चहा घेणार. म्हनून तं टाकला. आलं पन घातलंय."

मी तो चहा प्यायलो. उभ्या उभ्या, जीभ भाजत, आणि इतका आनंद झाला होता की आत्याला वाटलं आलं जास्त झालं. चहाला मी नाही म्हटलं होतं आणि फोननं तिला हो सांगितलं होतं! हातच्या कांकणाला आरसा कशाला? इथे तर कप हातात होता.

मग डोकं चालू लागलं. खाटेवर फोन होता तेव्हा मी सारखा त्याला हात लावत होतो, म्हणजे मोठा प्रोसेसर जागाच होता. पिशवीत गेला, निवांत झाला, की मोठा झोपतो आणि धाकटा काम बघतो. मी फोन पुन्हा पिशवीत ठेवला, बोंडूक माझ्या कानात घालून थोडा थांबलो आणि मघाचेच मेसेज पाठवले. वहिनी घरी. दूध आलेलं. उद्या पाऊस पडणार. तीच वाक्यं, पण दर वेळी ‘नाही’ गायब. इथे ‘ध’चा ‘मा’ झाला नव्हता. अख्खा शब्दच गळून पडला होता.

कोड उघडून बसलो. कुठं बघायचं ते आता कळलं होतं, त्यामुळे सापडायला वेळ लागला नाही. मोठा प्रोसेसर झोपण्याआधी सगळा आवाज धाकट्याच्या हवाली करतो, आणि हवाली झाला की ‘संपलं’ म्हणून आवाज बंद करायचा हुकूम देतो. पण हवाली झाला म्हणजे कानापर्यंत पोचला असं नाही. धाकट्याजवळ शेवटचा घास अजून वाढायचा शिल्लक असतो, आणि वरून हुकूम आला की तो बिचारा पातेलं उचलून मोकळा होतो. ते मी स्वतः वाचलेलं होतं, बाकीच्यांनीही वाचलं होतं. तिथे ‘संपलं’ असं लिहिलं होतं आणि आम्ही सगळ्यांनी त्यावर विश्वास ठेवला होता.

मी सगळ्यांना जाणाऱ्या मेलवर सविस्तर लिहिलं. त्यावर कुणीतरी, त्या लेखकाने नव्हे, लगेच उत्तर दिलं की आम्ही इतके महिने चाचण्या करतोय, असं कधी ऐकलं नाही. मी विचारलं, चाचणीला काय वाजवता? म्हणाले, गाणी. गाण्याचं शेवटचं टोक कापलं गेलं तर कोणाच्या लक्षात येणार? तिथे बहुधा शांतताच असते. बोलणं वाजवलं होतं तेही इंग्रजी.

मग मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात विचित्र तांत्रिक पत्र लिहिलं. त्यात मराठीचं व्याकरण होतं. लिहिलं की इंग्रजीत नकार वाक्याच्या मध्ये येतो. शेवटचा शब्द तुटला तर वाक्य लंगडं होतं, आणि ऐकणाऱ्याला लगेच कळतं की काहीतरी राहिलं. आमच्याकडे आधी सगळं बोलून घेतात आणि ‘नाही’ अगदी शेवटी येतं. ते कापलं तर मागे उरतं ते धडधाकट, पूर्ण वाक्य. फक्त अर्थ उलटा. मेसेज वाचून झाला की फोन ‘उघडायला दोनदा टॅप करा’ वगैरे पालुपद लावतो, ते असतं तर तेच कापलं गेलं असतं आणि ‘नाही’ वाचलं असतं. पण आत्याने कटकट नको म्हणून ते बंद करायला लावलेलं. आणि शेवटी लिहिलं की यामुळे एक दृष्टिहीन बाई उन्हात बसून राहिली आणि पडली.

पत्र पाठवल्यावर मला धास्ती वाटली. ही खोट निघाल्यामुळे त्याचं काम या खेपेला कर्नलमध्ये जाणार नव्हतं, पुढच्या खेपेपर्यंत थांबणं आलं. इतक्या आवृत्त्यांनंतर, काठाशी आलेला माणूस. तो चिडला असता तरी मी त्याला दोष दिला नसता.

त्याचं उत्तर आलं ते असं होतं: त्या बाई आता कशा आहेत?

ही पहिली ओळ. ड्रायव्हरचं नंतर. मी ती ओळ वाचली आणि स्क्रीनसमोर माझे डोळे भरून आले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. चुका दाखवायच्या धंद्यात इतकी वर्षं काढली, पण चूक दाखवल्यावर आधी माणसाची चौकशी करणारा हा पहिलाच. मग त्याने लिहिलं होतं की आपण बरोबर आहात, ‘दिलं’ आणि ‘ऐकवलं’ यातला फरक माझ्या ध्यानात राहिला नाही. आणि मला तुमच्या भाषेतलं एखादं वाक्य रेकॉर्ड करून पाठवाल का, चाचणीसाठी?

मी आत्याच्या आवाजात पाठवलं: मी चहा घेणार नाही. आता तो दुरुस्ती करेल तेव्हा, आणि पुढे कुणीही त्या भागाला हात लावेल तेव्हा, हे वाक्य शेवटपर्यंत वाजतं का ते आधी पाहिलं जाईल. आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, "येवढा रेकाट करायचा होता तं ‘घेणार’ म्हनायची. जगभर मी च्याला नाय म्हनते असा होईल ना!"

नवी आवृत्ती आली. धाकट्याकडून ‘शेवटचा आवाज गेला’ असा निरोप येईपर्यंत आता मोठा ‘संपलं’ म्हणत नाही. मी ती पाड्यावर जाऊन आत्याच्या फोनमध्ये घातली, पिशवीत ठेवून वाट पाहिली, आणि मेसेजवर मेसेज पाठवले. आत्या प्रत्येकाचं शेपूट ऐकून मान डोलवत होती. "नाय. नाय. हां, नाय." इतके नकार इतक्या खुशीत ऐकणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. मग मी त्या कामाखाली माझी ओळ लिहिली. इतक्या हलक्या हाताने ती मी पूर्वी कधी लिहिली नव्हती.

राहिला आतेभाऊ. त्याच्याकडे मी वाशिंदला गेलो आणि जुन्या आवृत्तीचा दुसरा फोन त्याच्या खिशात ठेवून, वायर त्याच्या कानात घालून, त्यालाच मेसेज पाठवला. तू काही समजून घेणार नाही, असा. त्याने तो ऐकला आणि म्हणाला, "समजून घेणार? काय समजून घेणार?" मी स्क्रीन त्याच्यापुढे धरली. त्याने त्यातल्या ‘नाही’वर बोट ठेवलं. "म्हंजे तिनं बरोबर आयकलं होतं," एवढंच बोलला. मी आणखी ताणलं नाही. आई त्याची होती, आणि ती पडली होती हे तर खरंच होतं.

भात झोडून झाला. मी नवा तांदूळ आणायला पाड्यावर गेलो होतो. आत्या ओटीवर कणग्यांना हात लावून लावून बघत होती. वाशिंदचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. पण पेटीतली लुगडी काढून, घडी करून, खाटेवर ठेवलेली मला दिसत होती. मला तिथे बसवेना.

तेवढ्यात तिचा हात थांबला. कानात मेसेज आला असावा. ती ऐकत होती, आणि चेहऱ्यावर काही कळत नव्हतं. मग तिने मला हाताने जवळ बोलावलं, खांद्यावरचं दुसरं बोंडूक चाचपून माझ्या कानात घातलं आणि मेसेज पुन्हा लावला. आमची दोघांची डोकी जवळजवळ आली. आतेभावाचा होता. फोनमधली बाई तिच्या कोरड्या आवाजात वाचत होती: आई, रविवारी येतो. फाट्यावर छप्पर टाकून बाकडं करू या, वहिनीच्या घरची पोरं मदत करतील. तुला पाड्यावरून हलवायचं नाही.

आत्याने विचारलं.

"शेवटाला काय म्हनली ती?"

"नाही म्हणाली, आत्या. हलवायचं नाही."

"आयकलं मी," ती म्हणाली, आणि माझं मनगट घट्ट धरलं. "तुज्या तोंडून आयकायचं होतं."